बाळाचं डोकं एका बाजूला चपटं झालं तर

 नातवंडाला मांडीवर घेऊन ऐकत असलेल्या आज्यांनो, आजचं बोलणं तुमच्यासाठीही आहे.

मी मुंबईत घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत राहते. तिथल्या महिला बचत गटांची मी समन्वयक आहे. गटाच्या वह्या तपासायच्या, बँकेत सोबत जायचं, बैठकीला हजर राहायचं, हे माझं काम. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, दोन मुलांची आई आहे. आमच्या गटात एक प्रसंग घडला, त्यातून आम्ही सगळ्याजणी थोडं शिकलो, डॉक्टरांना विचारून घेतलं, तेच आज सांगते. जिची ही हकिकत आहे तिला मी आधी विचारलं. ती म्हणाली, "ताई, सांगा खुशाल, फक्त नाव नका घेऊ."

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना होता. गटाची मासिक बैठक एका सदस्येच्या घरी होती. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. आम्ही सगळ्या पदरानं वारा घेत होतो, आणि आमच्या या मैत्रिणीनं चार महिन्यांच्या बाळाला हनुवटीखाली बंद बांधून टोपडं घातलेलं. घामानं लेकरू न्हाऊन निघालं होतं. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या उकाड्यात टोपडं कशाला? काढ की." तिनं ऐकलं नाही.

मग कर्जाच्या मागण्या सुरू झाल्या. तिची पाळी आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला चाळीस हजार पाहिजेत." सगळ्या गप्प. गटाची शिल्लकच मुळात साठ हजारांच्या आसपास. कशाला पाहिजेत, असं विचारल्यावर तिनं टोपड्याचा बंद सोडला. बाळाचं डोकं मागून उजव्या अंगाला चपटं झालं होतं. वरून बघितलं तर उजवा कान थोडा पुढं सरकल्यासारखा दिसत होता. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, की बाळाच्या मापाचं हेल्मेट बनवून घ्या, काही महिने रोज घाला, नाहीतर डोकं असंच राहील. चाळीस हजार त्या हेल्मेटसाठी.

आमच्या गटात शेकडा दोन रुपयांनी अंतर्गत कर्ज देतो. म्हणजे चाळीस हजारांचं पहिल्या महिन्याचं व्याजच आठशे रुपये. ती घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवायचं काम करते. दिवसभर मान मोडून किती मिळतात, ते असं काम करणाऱ्या बायकांना मी सांगायला नको.

ती रडायला लागली. गावाकडून, पाटण तालुक्यातून, सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बाळाला बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "आगं, पोराचं डोस्कं चपाट झालंय की. त्याल लावत न्हाईस व्हय त्याला?" नवरा म्हणाला, "तू लक्षच देत नाहीस." शेजारीण म्हणाली, "पालथं झोपव, आपोआप गोल होतंय." म्हणून चार रात्री तिनं बाळाला पालथं झोपवलं होतं. त्या चार रात्री ती स्वतः झोपलीच नव्हती, कारण बाळाचं नाक गोधडीत जातंय की काय याचीच भीती.

मैत्रिणींनो, या एका हकिकतीत तीन गोष्टी आहेत. डोकं चपटं का होतं, त्याला काय करायचं, आणि काय मुळीच करायचं नाही. एकेक बघू.

आधी, का होतं. जन्मलेल्या बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांचे वेगवेगळे तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ सांधे असतात. समोर आपण जिला टाळू म्हणतो, ती जागा साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान भरते. ही सोय दोन कारणांसाठी आहे. बाळंतपणात डोकं बाहेर येताना हाडं थोडी सरकतात, आणि नंतर मेंदू झपाट्यानं वाढतो त्याला जागा मिळते. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो, तो पहिल्या वाढदिवसापर्यंत ४५ च्या आसपास जातो. वर्षात दहा-अकरा सेंटिमीटर!

वेलावरचा भोपळा आठवा. ज्या अंगावर तो जमिनीला टेकून वाढतो, ते अंग चपटं राहतं, बाकीचा गोल होतो. बाळाच्या डोक्याचं तसंच आहे. वाढीचे दिवस, हाडं मऊ, मानेत अजून जोर नाही. डोकं एकाच बाजूला टेकून राहिलं की ती बाजू चपटी होते.

आमच्या मैत्रिणीच्या घरी काय होत होतं? कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बाळाची जागा. खिडकी, दार आणि मणी ओवत बसलेली आई, सगळं बाळाच्या उजव्या हाताला. डावीकडं कोरी भिंत. उजेड दिसतो तिकडं आणि आईचा आवाज येतो तिकडं बाळ बघणार, हे उघडच आहे. नवरा रात्रपाळीला, दिवसा तो झोपला की बाळ रडू नये म्हणून तासन्‌तास झोळीत. झोळीतही मान उजवीकडंच. यात तिचं काय चुकलं? दहा बाय दहात दुसरी जागा होती कुठं?

आता हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. अमेरिका-युरोपात पूर्वी बाळांना पालथं झोपवायची पद्धत होती. पण झोपेतच अचानक दगावणाऱ्या बाळांचा अभ्यास झाला, तेव्हा पालथं झोपणाऱ्या बाळांना धोका जास्त असल्याचं दिसलं. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पालथं झोपवू नका असा सल्ला दिला आणि १९९४ पासून बाळाला उताणं झोपवायची मोठी मोहीम तिथं सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याच वेळी दवाखान्यात मागून चपटी झालेली डोकी मात्र जास्त दिसायला लागली. कॅनडातल्या कॅलगरी शहरातला एक अभ्यास २०१३ साली छापून आला. ७ ते १२ आठवड्यांची ४४० बाळं तपासली, तर जवळजवळ निम्म्या बाळांच्या डोक्याला कुठं ना कुठं चपटेपणा होता. बऱ्याच जणांचा अगदी थोडा होता. तेव्हा ज्या आईला वाटतं की हे माझ्याच नशिबी आलं, तिनं हा आकडा लक्षात ठेवावा.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करू. डोकं चपटं झालं तरी बाळाला झोपवायचं उताणंच. रात्री आणि दिवसाही. चपटं डोकं सुधारतं, गेलेला श्वास परत येत नाही. कुशीवर झोपवलेलं बाळ सहज पालथं होतं, म्हणून कुशीवरही नको. अंथरूण सपाट आणि घट्ट हवं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली उशी नको. तोंडावर येईल अशी जाड गोधडी नको. पुढं बाळ आपलं आपण दोन्ही बाजूंनी वळायला लागलं, की तुम्ही उताणं ठेवा, मग झोपेत ते वळलं तर रात्रभर उठून सरळ करत बसायची गरज नाही.

आता आज्यांनो, जरा तुमच्याशी बोलते. आपल्याकडं डोकं गोल व्हावं म्हणून किती गोष्टी करतात! मोहरीची उशी, डोक्याखाली कापडाची चुंबळ, तेल लावणारी बाई दोन्ही तळव्यांनी डोकं वळते, जसा लाडू वळावा. यामागं माया आहे, हे मला कळतं. माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी माझ्या आईनंही मोहरीची उशी शिवली होती. पण भोपळा दाबून गोल होतो का? तो फिरवून ठेवला की वाढता वाढता सावरतो. बाळाचं डोकं हातानं दाबून गोल होत नाही, उलट टाळूवर आणि मऊ सांध्यांवर जोर पडतो. तेव्हा हलक्या हातानं तेल लावा, दाबू नका. कानात, नाकात तेल सोडू नका. मोहरीची उशी आणि चुंबळ, दोन्ही बाजूला ठेवा. बाळाची मान वळली की तोंड त्या उशीत रुतू शकतं.

पण तुमची एक रीत डॉक्टरसुद्धा करा म्हणतात. पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं आणि पाठीला तेल चोळायचं. त्या वेळी बाळ मान उचलायची धडपड करतं. मान, खांदे, पाठ बळकट होतात आणि डोक्याचा मागचा भाग मोकळा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी, दिवसभरात थोडं थोडं करून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं. तुम्ही हे कुणी न सांगताच करत होता. फक्त आता ते आंघोळीपुरतं ठेवू नका. सुरुवातीला एक-दोन मिनिटं, मग वाढवत न्या. दूध प्यायल्यावर लगेच नको. आणि नियम एकच: बाळ जागं असेल आणि मोठं माणूस समोर बसलेलं असेल तरच पालथं.

तर परत आमच्या बैठकीकडं येते. गटात दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, लेकराचा प्रश्न आहे, पैसे देऊन टाकू. काहीजणी म्हणाल्या, एकीलाच एवढे दिले तर जूनमध्ये शाळेच्या वह्या-पुस्तकांना कर्ज कुठून देणार? मी म्हणाले, आज ठराव नको. आधी पालिकेच्या रुग्णालयात दाखवू, डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू, मग आठ दिवसांनी पुन्हा बसू. खरं सांगते, मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं, की कर्ज काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारायला हरकत नाही.

आम्ही दोघी सकाळी लवकर गेलो, केसपेपर काढला, दोन तास रांगेत बसलो. बालरोग विभागातल्या डॉक्टर बाईंनी बाळाला वरून, मागून, बाजूनं बघितलं. टाळू चाचपली, सांध्यांवरून बोट फिरवलं, टेपनं डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहिला. मग खुळखुळा घेतला आणि बाळाच्या डावीकडं वाजवला. बाळ डोळे वळवतंय, पण मान पूर्ण वळतच नाही! त्या म्हणाल्या, बाळाच्या मानेचा एक स्नायू आखडलेला आहे, म्हणून ते उजवीकडंच मान टाकतं. मेंदूला काही झालेलं नाही. त्यांनी फिजिओथेरपी विभागात पाठवलं. तिथं मान हळूहळू डावीकडं वळवायचा आणि कलवायचा व्यायाम आईच्या हातून करून घेतला, दोन-तीनदा चुकला तर परत दाखवला. हे व्यायाम ऐकून घरी करू नका, मैत्रिणींनो. शिकवलेल्या माणसानं हात धरून दाखवले, तरच करा.

हेल्मेटचं आम्ही विचारलंच. डॉक्टर बाई म्हणाल्या, अगदी जास्त वाकडेपणा असेल तर काही डॉक्टर सुचवतात, पण या बाळाला आता तरी गरज नाही, दर महिन्याला दाखवत राहा. मी नंतर याबद्दल वाचलं. नेदरलँड्स देशात ८४ बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ साली छापला गेला. मध्यम ते बऱ्यापैकी चपटं डोकं असलेल्या, पाच-सहा महिन्यांच्या बाळांपैकी निम्म्यांना हेल्मेट दिलं, निम्म्यांना दिलं नाही. बाळं दोन वर्षांची झाल्यावर मोजलं. पूर्ण बरं होण्याचं प्रमाण हेल्मेटवाल्यांत शंभरात २६ आणि बिनहेल्मेटवाल्यांत शंभरात २३. म्हणजे फारसा फरकच नाही. मान आखडलेली बाळं त्या अभ्यासात नव्हती, हेही सांगते. पण यावरून एक कळतं, की हेल्मेट घेतलं नाही म्हणून आई कमी पडली असं होत नाही.

पुढच्या बैठकीत कर्जाचा ठराव झालाच नाही, दुसराच ठरला. आमच्या सचिवबाई म्हणाल्या, "पैसे राहू देत, वेळ देऊ." शेजारच्या चौघींनी वार वाटून घेतले. रोज दुपारी एकीनं तिच्या घरी जायचं, ती मणी ओवत असताना बाळाला अर्धा तास मांडीवर, खांद्यावर किंवा पालथं घेऊन बसायचं. बसल्या बसल्या दोन-चार माळा ओवूनही व्हायच्या. बाळाची जागा बदलली. आज डोकं कपाटाकडं, तर उद्या पाय कपाटाकडं, म्हणजे उजेड आणि आई एक दिवस उजवीकडं, एक दिवस डावीकडं. झोळीचा वेळ कमी केला.

महिनाभरात काही चमत्कार झाला नाही. तिला धीर सुटायचा. तिसऱ्या महिन्यात बाळाची मान डावीकडं पूर्ण वळायला लागली. मग ते बसायला लागलं, रांगायला लागलं आणि डोक्यावरचा भारच गेला. पहिल्या वाढदिवसाला लांबून बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. हात फिरवला की अजूनही उजवीकडं थोडं सपाट लागतं, ते केसांत झाकून जातं. ते पूर्ण गेलं असं मी सांगणार नाही. पण टोपडं सुटलं.

आता तुम्हाला घरी, शेतावर काय करता येईल, ते थोडक्यात सांगते.

झोपवताना डोक्याची दिशा रोज बदला. आज उशाला डोकं, तर उद्या पायथ्याला. लटकवलेलं खेळणं किंवा चिमणाळंही बाजू बदलून बांधा. बाळाला कधी डाव्या, कधी उजव्या खांद्यावर घ्या. वरचं दूध पाजत असाल, तर पाजतानाही हात बदला.

खुरपणीला, कापणीला किंवा ऊसतोडीला जाताना बांधावर झाडाला झोळी बांधावीच लागते, हे मला माहीत आहे. पण बाळ सकाळपासून दुपारपर्यंत त्याच झोळीत राहू देऊ नका. अगदी लहान बाळाची हनुवटी झोळीत छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, म्हणून कुणाची तरी नजर हवी. पाणी प्यायला थांबाल तेव्हा बाळाला बाहेर काढा, मांडीवर घ्या, सावलीत गोधडीवर दोन मिनिटं पालथं करा. चार-पाच जणींची बाळं असतील तर आळीपाळीनं एकजण बसा. गटात हे ठरवता येतं.

दूध पाजताना, तेल लावताना रोज एकदा बाळाचं डोकं वरून बघायची सवय ठेवा. पहिले चार महिने जास्त लक्ष द्या, कारण चपटेपणा याच काळात वाढतो आणि याच काळात लवकर सुधारतो.

आणि डॉक्टरांना कधी दाखवायचं? बाळ सतत एकाच बाजूला मान टाकतं, दुसरीकडं वळवत नाही. मानेत गाठ लागते. डोकं जन्मापासूनच वेडंवाकडं आहे आणि सांध्यावर हाताला कडक उंचवटा लागतो. टाळू फार लवकर भरल्यासारखी वाटते. डोक्याचा घेर वाढतच नाही, किंवा फारच भराभर वाढतो. चार महिने होऊन गेले तरी बाळ मान धरत नाही. किंवा जागा बदलूनही महिना-दोन महिन्यांत काहीच फरक नाही. यातलं एकही दिसलं तरी घरी वाट बघू नका. क्वचित एखाद्या बाळाच्या कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात, त्याला ऑपरेशन लागू शकतं. ते जितकं लवकर कळेल तितकं चांगलं. चपट्या जागेमुळं मेंदू दबत नाही, पण ज्या बाळाची हालचालच कमी आहे त्याचंही डोकं चपटं होतं, म्हणूनही दाखवायचं. आणि टाळू टम्म फुगलेली असेल, बाळाला ताप असेल, ते उलट्या करत असेल किंवा मलूल पडलं असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठा.

यासाठी मुंबईलाच यावं लागतं असं नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून करून दाखवली, मग ती देशभर गेली. पुढं तिसऱ्या महिन्यापासूनही आशाताईंच्या भेटी असतात. त्या आल्या की टोपडं काढून डोकं दाखवा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला जाल तेव्हाही सिस्टरांना सांगा, "डोक्याचा घेर मोजा आणि मान बघा." अंगणवाडीत मुलं तपासायला डॉक्टरांचं पथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्या पथकाकडून पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मिळते.

शेवटचं सांगायचं ते सासूबाईंचं. गौरी-गणपतीला आमची मैत्रीण गावाला गेली. बाळाला घेऊन सासूबाई पाय लांब करून बसल्या आणि तेलाची वाटी मागितली. तिला धाकधूक, आता डोकं दाबतील. ती म्हणाली, "आत्या, डॉक्टरांनी दाबायचं नाही सांगितलंय. पण तुम्ही पाठीला तेल लावता ना, पालथं घेऊन, ते रोज करा म्हणाल्यात." सासूबाईंनी बाळाला पालथं घेतलं आणि म्हणाल्या, "मंग म्या काय येगळं सांगत हुते?"

हसू नका. तुमच्या ओळखीत कुणाच्या बाळाचं डोकं असं दिसलं, तर तिला "लक्ष नाही" म्हणू नका. अर्धा तास तिचं बाळ मांडीवर घ्या.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.